नळ आणि नात

मुंबईच्या पाणीखात्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीचशी वर्षे रस्त्याला कान लावून काढली. हे अलंकारिक बोलणे नव्हे. जमिनीखालच्या नळाला गळती कुठे लागली आहे हे शोधायचे, तर त्या भागाचे पाणी सुटण्याच्या वेळी, शक्यतो रहदारी नसताना, बाहेर पडायचे. हातात छातीइतकी उंच लोखंडी कांब घ्यायची. तिचे एक टोक व्हॉल्ववर नाहीतर रस्त्यावर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. धड नळातून पाणी जाते त्याचा आवाज वेगळा, फुटक्या नळातून जाते त्याचा वेगळा, आणि नळ चोंदला असेल तर काहीच आवाज नाही. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर वाकून कांबेला कान लावणारा मनुष्य पाहून एका पोलिसाने मला हटकलेही होते. ‘काय ऐकताय?’ त्याने विचारले. ‘पाणी,’ मी म्हणालो. त्याने माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मगच सोडले.

२००९ साली मी निवृत्त झालो. आता हा कान वर्तमानपत्र वाचताना नुसता चष्म्याची काडी अडकवण्यापुरता उरला, असे मी चारचौघांत म्हणत असे. ते खरे ठरले नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये आम्हाला नात झाली. पत्रिकेतले नाव काहीही असो, घरात ती ठकी. पावणेतीन किलोची, भरपूर जावळाची, लाकडी बाहुलीसारखी गोल डोळ्यांची. पहिले दोन दिवस सगळे पेढे वाटण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला अंघोळ घालणाऱ्या बाईंनीच प्रथम सांगितले, की पोरीचे ओठ जांभळे दिसतात. आमची ही म्हणाली, ‘थंडीचे दिवस आहेत.’ संध्याकाळपर्यंत नखेही जांभळी झाली आणि आम्ही ठाण्याहून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या रस्त्याला लागलो.

ठकीच्या हृदयात जे होते त्याला फॅलॉटचा चतुर्विकार म्हणतात. मार्सेय शहरातल्या फॅलॉट नावाच्या डॉक्टराने १८८८ साली त्याचे नीट वर्णन केले म्हणून त्याचे नाव. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शरीराकडे जाणारी महारोहिणी जरा सरकून त्या भोकावर बसलेली. आणि अरुंद वाटेतून रक्त रेटून रेटून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. आमच्या ठकीची ती अरुंद वाट जवळजवळ बंदच होती. रक्त फुप्फुसापर्यंत पोचतच नव्हते, तर त्यात प्राणवायू मिसळायचा कुठे?

मग पहिले दोन दिवस ती लालबुंद कशी राहिली? या प्रश्नाचे उत्तर मला डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दिले आणि ते मला इतके चटकन समजले की त्यांनाच नवल वाटले. मूल पोटात असताना त्याच्या फुप्फुसांना श्वासाचे काम नसते. म्हणून महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी यांना जोडणारी एक उपनळी निसर्गाने ठेवलेली असते. जन्मानंतर एकदोन दिवसांत ती आपोआप मिटते. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर मुख्य नळ बंद होता आणि सगळी वस्ती एका बायपासवर पाणी भरत होती. तो बायपास तिसऱ्या दिवशी बंद झाला. ती उपनळी काही दिवस उघडी ठेवण्याचे औषध शिरेतून देता येते. ते त्यांनी लगेच सुरू केले आणि पोरीच्या ओठांवर रंग आला. ‘पण हे तात्पुरतं,’ बाई म्हणाल्या. ‘आपल्याला नवी नळी बसवावी लागेल. शंट.’

शंट म्हटले की आमच्या पिढीला रेल्वेचे शंटिंग आठवते. अर्थ फार वेगळा नाही. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर नेणे. हाताकडे जाणाऱ्या रोहिणीपासून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत एक बारीक नळी शिवायची, म्हणजे शरीराकडे निघालेले थोडे रक्त वळून फुप्फुसाकडे जाईल. नळी कसली, तर नॉनस्टिक तव्यावर जो पदार्थ असतो त्याच कुळातल्या पदार्थाची, ताणून सच्छिद्र केलेली. आतला व्यास साडेतीन मिलिमीटर. मी घरी येऊन पट्टीवर साडेतीन मिलिमीटर पाहिले. ज्याने बहात्तर इंची नळांवर आयुष्य काढले, त्याला ते पाहून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

अकराव्या दिवशी ती शस्त्रक्रिया झाली. त्या काळात बाहेरच्या बाकावर बसून करण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मी मुलाच्या फोनवर या शंटचा इतिहास वाचत बसलो आणि पुढेही वाचत राहिलो. त्यात मला भेटलेली माणसे मी विसरणार नाही.

एक हेलन टॉसिग. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात त्या निळ्या मुलांना तपासत. तरुणपणीच त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, आणि हृदयाच्या डॉक्टराचे तर सगळे काम कानाचे. त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाची थरथर ओळखायला शिकल्या. त्यांच्या ध्यानात आले, की ज्या निळ्या मुलांची ती उपनळी उघडी राहते ती जरा बरी असतात आणि ती मिटली की खालावतात. बोस्टनच्या एका शल्यविशारदाने १९३८ साली अशी उघडी राहिलेली उपनळी बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. बाई त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, बंद करता तशी नवी तयार कराल का? त्याला त्यात काही रस वाटला नाही. पुढे हॉपकिन्समध्येच ब्लेलॉक नावाचे शल्यविशारद आले आणि बाईंची गाठ त्यांच्याशी पडली.

दुसरा व्हिव्हियन थॉमस, ब्लेलॉकच्या प्रयोगशाळेतला काळा मदतनीस. सुताराचा मुलगा. डॉक्टर व्हायचे म्हणून साठवलेले पैसे १९३० च्या मंदीत बँक बुडून गेले आणि शिक्षण तिथेच थांबले. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हा रोहिण्यांचा जोड बसवून बसवून पक्का केला तो त्याने. त्यासाठी लागणाऱ्या बारीक सुया कापून घासून तयार केल्या त्याही त्यानेच. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो ब्लेलॉकच्या मागे एका स्टुलावर उभा राहून टाका कुठे, कसा घालायचा ते सांगत होता. त्या जोडाला कित्येक वर्षे ब्लेलॉक आणि टॉसिग या दोघांचेच नाव होते. थॉमसला विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरकी दिली ती १९७६ साली, आणि त्याचे नाव त्या शंटला जोडू लागले ते अगदी अलीकडे. आमच्या खात्यातही नळ कुठे फुटला आहे ते ओळखणारा मुकादम वेगळा आणि अहवालावर सही करणारा साहेब वेगळा असे; त्यामुळे मला यात नवे काही वाटले नाही, वाईट मात्र वाटले.

आयलीन सॅक्सनचे पुढे काय झाले हेही मी त्या बाकावर वाचले आणि वाचायला नको होते असे झाले. काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली नाही. तिच्यामागून मात्र असंख्य मुले वाचली.

शस्त्रक्रियेनंतर ठकीला प्रथम जवळ घेतले तेव्हा बाईंनी माझा हात धरून तिच्या छातीवर उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली ठेवला. बोटांखाली बारीक थरथर होती, मांजर घुरघुरते तशी. ‘कान लावा,’ त्या म्हणाल्या. मी लावला. लबडब लबडब तर होतेच. पण त्यावर न थांबणारी एक सर्‌सर होती. हृदय आकुंचन पावो की सैल पडो, ती चालूच. डॉक्टर तिला मर्मर म्हणतात. मी म्हटले, ‘हा तर नळ वाहतोय.’ बाई हसल्या. ‘हा आवाज रोज ऐकत जा, आजोबा. आवाज आहे तोवर शंट चालू आहे.’

घरी आल्यावर ठकीचे औषधपाणी माझ्याकडे आले, कारण मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीचे. औषध म्हणजे अ‍ॅस्पिरीन. आपण डोके दुखले की घेत असू तेच, १८९९ पासून बाजारात असलेले. गोळीचा नेमून दिलेला चिमुकला भाग पाण्यात विरघळवून ठकीला पाजायचा. एवढ्याशा जिवाला डोकेदुखीचे औषध कशाला, असे शेजारच्या काकूंनी विचारलेच. त्यांना जे सांगितले ते इथेही थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर उभी आहे.

रक्त नळातून वाहते पण ते पाणी नव्हे. त्याला फुटक्या नळाची डागडुजी स्वतःच करता येते. कुठे खरचटले की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणिका तिथे जाऊन चिकटतात, एकमेकींना बोलावतात, आणि मग रक्तातलेच एक द्रव्य धाग्याधाग्यांचे जाळे होऊन त्यांवर बसते. याला आपल्या भाषेत साकळणे असा नेमका शब्द आहे. हल्ली सगळे ‘गोठणे’ म्हणतात. पण गोठते ते पाणी, थंडीने. रक्त साकळते. आता शरीराच्या आतून परकी नळी शिवली, की प्लेटलेटना ते खरचटल्यासारखेच वाटते. त्या डागडुजीला धावतात आणि ज्या नळीवर पोरीचा जीव, तीच बुजवू पाहतात. अ‍ॅस्पिरीन त्यांना जरा नाचिकट करते. ते कसे, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ साली त्याला नोबेल मिळाले. एकदा एका प्लेटलेटचा चिकटपणा गेला की तिच्या आठदहा दिवसांच्या आयुष्यात तो परत येत नाही. म्हणून रोज थोडे पुरते, पण रोज द्यावे लागते. नव्या कणिका रोज तयार होतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. निळ्या मुलाच्या शरीराला वाटते की प्राणवायू कमी पडतो तो रक्तातल्या तांबड्या पेशी कमी म्हणून. ते पेशी वाढवत सुटते. चांगल्या मुलाच्या रक्तात शंभर भागांत पस्तीसचाळीस भाग तांबड्या पेशी असतील, तर या मुलांत त्या साठाच्याही वर जातात. रक्त काकवीसारखे दाट होते. आणि दाट रक्त बारीक नळीतून जायचे म्हणजे! प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने गेल्याच्या गेल्या शतकात हिशेब करून ठेवला आहे, की बारीक नळीचा व्यास निम्मा झाला तर तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. आमच्या मोठ्या नळांना गणित थोडे निराळे लागते, पण मासला तोच. साडेतीन मिलिमीटरच्या नळीत अर्ध्या मिलिमीटरचा थर बसला तर काय होईल याचे उत्तर मी एकदा रात्री कागदावर काढले आणि कागद फाडून टाकला.

यातली गंमत, म्हणजे क्रूर गंमत, अशी की याच मुलांना रक्त वाहण्याचाही धोका असतो. रक्त इतके दाट, तर पटकन साकळावे की नाही? पण त्यांच्या प्लेटलेट पुष्कळदा कमी असतात, असतात त्याही कामाला मंद, आणि साकळायला लागणारी इतर द्रव्येही अपुरी. तेव्हा नको तिथे साकळायचे आणि हवे तिथे साकळायचे नाही. डॉक्टर दोरीवरून चालतात आणि आईबाप खाली हात पसरून उभे असतात.

मे २०१४. ठकी पाच महिन्यांची. ठाण्याचा उकाडा मी सांगायला नको. एका शनिवारी तिला जुलाब सुरू झाले, रविवारी उलट्या. मोठ्या इस्पितळाच्या कागदावर कुठेतरी एक ओळ होती, की मुलाच्या अंगातले पाणी कमी होऊ देऊ नये. पण ती इंग्रजीत, बारीक टायपात, सतरा सूचनांमधली एक होती आणि तिच्यात मरण दडले आहे असे काही तिच्या तोंडावर लिहिले नव्हते. आमच्या जवळच्या एका दवाखान्यात दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी पोरीच्या हिरड्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘दात येताहेत. काळजी करू नका.’ छातीवरचा व्रण त्यांनी पाहिला, पण त्याचा जुलाबाशी संबंध काय, हे त्यांना सुचले नाही. त्यांना कशाला दोष देऊ? मलाही सुचले नाही. मी पाणीखात्यातला मनुष्य! पाणी कमी झाले की दाब कमी होतो आणि गाळ जिथल्या तिथे बसतो, हे मी नव्या पोरांना शिकवीत असे.

रविवारी रात्री तिने औषधही ओकून टाकले. साखरमिठाचे पाणी चमच्याचमच्याने चालू होते. पोटात किती राहत होते देव जाणे. मध्यरात्रीपर्यंत ती किरकिर करीत होती आणि मग एकाएकी शांत झाली. आमची ही म्हणाली, ‘झोपली बिचारी.’ सगळ्यांनाच डोळा लागला.

मला दोनच्या सुमारास जाग आली. चौतीस वर्षांच्या नोकरीने दिलेली सवय. दोनला जाग येतेच. उठून पाळण्याशी गेलो, सवयीने तिच्या छातीला कान लावला.

लबडब होते. फार जलद होते. सर्‌सर नव्हती.

मी कान हलवला. वर, खाली, डावीकडे. बोटे ठेवली. मांजर घुरघुरत नव्हते. पंखा बंद केला. फ्रिजचा आवाज येत होता म्हणून तोही बंद केला. पुन्हा कान लावला. चोंदलेल्या नळाची ती शांतता मी आयुष्यात पुष्कळदा ऐकली होती. तिच्यात चूक होत नाही.

मी मुलाला उठवले. तो झोपेतच म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला हल्ली टीव्हीसुद्धा मोठा लावावा लागतो.’ हे खरे होते. दिवा लावून त्याने तिचे ओठ पाहिले. ‘नेहमीसारखेच आहेत.’ हेही जवळजवळ खरे होते. निळ्या मुलाच्या घरात हाच मोठा घात असतो; निळेपणाची डोळ्यांना सवय होते, आणि नेहमीचे जांभळे कुठे संपले आणि भलते जांभळे कुठे सुरू झाले ते दिव्याच्या उजेडात कळत नाही. ‘सकाळी फोन करू या,’ तो म्हणाला. क्षणभर मीही डळमळलो. त्रेसष्ट वर्षांच्या कानाचा भरवसा तो काय? उगाच मध्यरात्री सगळ्यांना पळवायचे आणि निघायचे काहीच नाही!

सूनबाई तोवर उठून साडी नेसत होती. ती म्हणाली, ‘बाबा म्हणताहेत ना आवाज नाही? मग नाही. गाडी काढा.’

त्या वाक्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे आणि हे तिला तोंडावर सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. या अंकात वाचील तेव्हा वाचील.

इस्पितळात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. पोरीच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर नेहमी ऐंशीच्या आसपास आकडा येई, तो बेचाळीस आला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टराने स्टेथोस्कोप लावला, एकदा माझ्याकडे पाहिले आणि धावत सुटला. मग जे झाले ते सगळे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. शिरेतून भराभर पाणी. प्राणवायू. आणि एक इंजेक्शन, हेपॅरिन. हे औषध, वाचक, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये सापडले आहे. शंटच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १९१६ साली. मॅक्लेन नावाचा एक विद्यार्थी रक्त लवकर साकळवणारे द्रव्य शोधीत होता आणि कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमके उलट, साकळू न देणारे द्रव्य सापडले. पण हेपॅरिन नवी गुठळी वाढू देत नाही; झालेली गुठळी ते विरघळवीत नाही. तेव्हा पहाटे पाच वाजता ठकीला आत नेले. मांडीच्या शिरेतून तार घालून ती पार त्या शंटपर्यंत नेतात, बारीक फुग्याने वाट मोकळी करतात, आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीची नळी ठेवतात, जिला स्टेंट म्हणतात. ‘नाहीच जमलं तर छाती उघडावी लागेल,’ असे सांगून मुलाची सही घेतली. त्याची सही नेहमी झोकदार असते. त्या कागदावर ती कशी उमटली आहे ते मी पाहिले.

पावणेसातला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत. मला खूण केली आणि आत घेऊन गेल्या. नळ्यांच्या गुंत्यात ठकी पडली होती. मी वाकलो.

नळ वाहत होता.

त्यानंतर आमच्या घरात पाण्याचा हिशेब दुकानदाराच्या वहीसारखा राहू लागला. किती चमचे आत, किती लंगोट ओले. ताप आला, जुलाब झाले, एका वेळचे दूध नाकारले, की दात, दृष्ट, उष्णता यांवर चर्चा न करता थेट मोठ्या इस्पितळात फोन. अ‍ॅस्पिरीनबरोबर आणखी एखादे औषध द्यावे का, हेही मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, की असे दुसरे औषध नऊशे सहा शंटवाल्या बाळांवर पाहिले आहे, २०१३ सालीच तो अहवाल आला. त्याने विशेष फायदा दिसला नाही. ‘आपण जे देतोय ते न चुकता देऊ.’ मला हे उत्तर फार आवडले. न चुकता देणे हे माझ्या आवाक्यातले होते.

पण ऑगस्टमध्ये डेंग्यू आला. आमच्या इमारतीत चार आजारी आणि पाचवी ठकी. आता पाहा दैवाची खोडी! डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, रक्तस्रावाची भीती. म्हणून अ‍ॅस्पिरीन देऊ नये. पण डेंग्यूत रक्तवाहिन्यांतले पाणीही झिरपून बाहेर जाते आणि रक्त आणखी दाट होते. म्हणजे शंट बुजण्याची भीती. म्हणून अ‍ॅस्पिरीन थांबवू नये. दोन्ही खरे. तिच्या प्लेटलेट सत्तर हजारांवर आल्या तेव्हा बाईंनी तिला दाखल करून घेतले, अ‍ॅस्पिरीन काही दिवस थांबवले, दर काही तासांनी रक्त तपासले आणि शिरेतून पाणी मोजून चालू ठेवले. आधीच्या अ‍ॅस्पिरीनचा परिणाम लगेच पुसला जात नाही, त्या मुदतीचा त्यांनी उपयोग करून घेतला. तिच्यासाठी केलेले हे सगळ्यांसाठी योग्य, असे कोणी समजू नये. तो निर्णय त्या बाईंनी त्या पोरीकडे पाहून केला होता. सहा दिवस मी पलंगापाशी बसून होतो आणि दर तासाला कान लावीत होतो. वॉर्डातली एक परिचारिका दुसरीला म्हणाली, ‘हे आजोबा स्टेथोस्कोपपेक्षा स्वस्त आहेत.’

मार्च २०१५ मध्ये ठकीची मोठी शस्त्रक्रिया झाली. भोकाला ठिगळ लावले, अरुंद वाट कापून रुंद केली आणि शंट बांधून टाकला. काम संपल्यावर बायपास बंद करतात तसा. बाहेर आली ती गुलाबी. आमच्या हिला ती परक्याची पोर वाटली. खरेच, क्षणभर तिने ओळखले नाही. पंधरा महिने आम्ही जिला पाहत होतो तिचा तो रंगच नव्हता.

त्या रात्री घरी मला दोनला जाग आली. सर्‌सर आता कधीच ऐकू येणार नव्हती आणि ती न येणे हेच आता ठीक होते, हे डोक्याला कळले होते. कानाला कळायला वर्ष लागले.

अ‍ॅस्पिरीनचा डबा मात्र घरातून हलला नाही. पुढे २०१८ साली माझ्याच हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसला आणि ठकीची गोळी मला लागू झाली. आता रात्री जेवण झाल्यावर ती ती गोळी माझ्या तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. मी तिला देताना जसा उभा राहत असे, अगदी तशी, कमरेवर हात ठेवून. हे तिला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

दर वर्षी तिला तपासणीला न्यावे लागते. रुंद केलेल्या वाटेवर धड झडप नाही, त्यामुळे थोडे रक्त मागे झिरपते. मोठेपणी केव्हातरी तिथे झडप बसवावी लागेल, असे बाई म्हणतात. तूर्त भांडण निराळे आहे. ठकीला शाळेच्या कबड्डीच्या संघात घेतले आहे. बाई म्हणतात खेळू द्या, दम लागला तर थांबायला सांगा. सूनबाई म्हणते खेळू द्या. चिरंजीव म्हणतात बुद्धिबळ काय वाईट आहे. आमची ही देवासमोर बसून कोणाशीच बोलत नाही. माझे मत विचारले तर मी टीव्हीचा आवाज वाढवतो. सामना दिवाळीच्या सुटीनंतर आहे, आणि पोरीने परवापासून गॅलरीत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम धरण्याचा सराव सुरू केला आहे. मी आतल्या खोलीत घड्याळ लावून बसतो. काल अठ्ठावीस सेकंद झाले.